गव्हाच्या चाळणीचं घमेलं

शेळीच्या डाव्या कुशीवर बोटं आपटली आणि आत वारा भरलेला असला, तर ढोलकीसारखा आवाज येतो. त्या सकाळपर्यंत हे मला माहीत नव्हतं. आता मी रोज आपटून बघते. चहा ठेवायच्या आधी, दुपारी भांडी घासून झाल्यावर, आणि हे कामावरून यायच्या वेळेला. शेळी वैतागते. मान फिरवून माझ्याकडं बघते, की काय बाई लावलंय हिनं. बघू दे.

आम्ही राहतो पेडगावच्या अलीकडं, रस्त्याला लागून. समोरच्या कंपनीत धान्याच्या चार पत्र्याच्या टाक्या आहेत. एवढ्या उंच की परभणीहून येताना एसटीतून आधी टाक्या दिसतात आणि मग बाकीचं सगळं. हे तिथं मशीनवर असतात. ट्रकमधलं धान्य खड्ड्यात ओततात, डब्यांचा पट्टा ते वर चढवतो, वर चाळण्या हलत असतात, आणि साफ झालेला माल टाकीत पडतो. चाळण्यांतून जे वेगळं निघतं, म्हणजे काड्या, फोलपटं, पोचट दाणा, फुटका दाणा, ते एका नळानं बाजूच्या पोत्यात पडतं. त्याला इथं नुसतं चाळण म्हणतात. मुकादम ह्यांना म्हणाला होता, "घेऊन जा की, घरी शेळी हाय म्हणता ना? इथं पडून उंदरं पोसायलीत." तेव्हापासून आठवड्याला एक पोतं घरी यायचं.

मी मूळची भंडाऱ्याकडची. धानाचा मुलूख. तिथल्या राईस मिलमधल्या एका फिटरनं ह्यांना इकडं आणलं, आणि ह्यांच्यामागं मी आले. दोन गाड्या बदलाव्या लागतात. आले तेव्हा कुणाचं बोलणं धड कळायचं नाही, माझं कुणाला कळायचं नाही. दुकानात मी काही मागितलं की दुकानदार शेजारच्याकडं बघायचा. आठवीत शाळा सुटली माझी, आईचा पाय मोडला तेव्हा. त्यामुळं चारचौघांत मी चुकीचंच बोलणार अशी खात्री मला आधीपासून होती, इथं येऊन ती पक्की झाली. दिवसभर खोलीत बसायचे. समोर पट्टा चालू झाला की भिंत थरथरायची, बंद झाला की जास्त भीती वाटायची. का बंद झाला? काही झालं का? आत मोबाईल नेऊ देत नाहीत, धुळीनं पेट घेण्याची भीती असते म्हणतात. ह्यांचा फोन गेटवरच्या कपाटात पडलेला. मी दारात उभी राहून पट्टा परत सुरू व्हायची वाट बघायची.

मावशी म्हणजे आमच्या खोलीची मालकीण. त्यांचे मालक तालुक्याच्या कचेरीत कारकून होते, ते वारले. मुलगा पाथरीला शिक्षक आहे, सणासुदीला येतो. मावशींना जनावरांचा भारी नाद. पाच शेळ्या त्यांच्या, पण गुडघे धरल्यामुळं त्यांनी त्या अर्धलीनं दिल्या होत्या. म्हणजे शेळी मावशींची, राखायची दुसऱ्यानं, आणि करडं झाली की निम्मी निम्मी. करडू दूध सोडून चारा खायला लागलं की वाटणी होते. मावशी आपल्या वाटच्या करडाच्या गळ्यात लाल दोरा बांधतात. राखणाऱ्याचं करडू बिनदोऱ्याचं राहतं. झाली वाटणी. कागद नाही, सही नाही, त्यामुळं शेळी फक्त नात्यातल्या नाहीतर पिढ्यानपिढ्या ओळखीच्या माणसाला देतात.

आणि एक दिवस मावशी काळ्या शेळीला दोरीनं ओढत माझ्या दाराशी आल्या.

"ही घे. बांध हितं."

"मला? मावशी, मला नाही जमणार."

"न जमायला काय झालं? दिसभर भिंतीकडं बघत बसतीस. भिंतीपेक्षा हिच्याकडं बघ. ही निदान बघती तरी परत."

"काही झालं हिला तर?"

"तुज्या तोंडात वाईटच कसं येतं गं पहिल्यांदा? धानवाली हायेस, का धसकेवाली?"

त्या मला धानवाली म्हणायच्या. त्यांना माझ्या गावाचं नाव कधी नीट घेता आलं नाही, पण शेळी त्यांनी मला दिली. त्यांच्या सख्ख्या पुतणीनं मागितली होती, हे मला नंतर कळलं.

शेळीनं माझे दिवस बदलले एवढंच सांगते. तिला चारायला नेताना चार बायका ओळखीच्या झाल्या. ती गाभण राहिली तेव्हा मीच पहिल्यांदा ओळखलं, आणि मावशींनी माझ्या पाठीवर थाप मारली. तशी थाप मला शाळेतसुद्धा कुणी मारली नव्हती.

चाळण कशी घालायची ते मावशींनीच शिकवलं होतं. आधी सुपात पाखडायची, माती आणि तारांचे तुकडे काढायचे, पाण्याचा हबका मारायचा, म्हणजे धूळ नाकात जात नाही. वर कडबा. तेव्हा तुरीचा हंगाम होता, चाळणही तुरीची. टरफलंच जास्त, दाणा नावाला. एक घमेलं भरून घातलं तरी हाताला वजन लागायचं नाही. "घाल एक घमेलं, काय हुत न्हाई," मावशी म्हणाल्या होत्या. मी रोज एक घमेलं घालत गेले.

मग तूर संपली आणि गहू सुरू झाला. नवं पोतं आलं. सकाळी मी पोत्यात घमेलं घातलं तर ते उचलेना. जड. बघितलं तर गव्हाचे तुकडेच तुकडे, मधे मधे अख्खा बारीक दाणा, टरफल अगदी थोडं. मला काय वाटलं असेल? आनंद झाला. खरंच सांगते. आमच्याकडं धान कुटल्यावर कोंडा निघतो, त्याहून बारीक भुसा म्हणजे कुकुस निघतं, आणि कनकी म्हणजे तांदळाची कणी निघते. कोंडा कुणीही घालतं जनावराला, कनकी घालणारं घर म्हणजे सुखाचं घर. माझी आई व्यालेल्या गाईला तेवढी मूठभर कनकी शिजवून घालायची, ती पण लपवून, आजीला दिसू नये म्हणून. मला वाटलं, माझ्या गाभण शेळीच्या नशिबात आज घमेलंभर आहे. मी तिच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, खा बाई, दोन जिवांची आहेस.

तिनं अर्ध्याच्या वर खाल्लं. मी उभी राहून बघत होते.

दहाच्या सुमाराला ती कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. बसेना. रवंथ करेना. दात खायला लागली, करकर करकर, दोन दगड घासल्यासारखं. मी पाला पुढं केला तर तिनं तोंड फिरवलं. डावी कूस वर आलेली दिसली, पण मी स्वतःला म्हटलं, पोटात करडं आहेत, पोट मोठं दिसणारच. अंगण झाडलं. परत जाऊन बघितलं. मागच्या पायानं ती स्वतःच्या पोटाला लाथ मारत होती. मी परत अंगण झाडायला लागले, झाडलेलंच अंगण.

तेवढ्यात मावशी ताकाचा तांब्या घेऊन आल्या. दारातच थांबल्या.

"काय गं? अशी काऊन उभी हाय ती?"

मी काही बोलायच्या आत मावशी गुडघे धरत तिच्याजवळ गेल्या, कुशीवर दोन बोटं आपटली. तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"फुगलीय ही. काय खाल्लं हिनं?"

आणि मी म्हणाले, "दोर सोडून गेली होती मावशी सकाळी. समोर कंपनीत. कुठंतरी तोंड घातलं असेल."

कशी म्हणाले, ते अजून कळत नाही. ठरवलं नव्हतं. शेळी गेली तर मावशी जातील, आणि मावशी गेल्या तर मी परत त्या भिंतीसमोर, एवढंच डोक्यात होतं. तोंडातून जे पडलं ते पडलं.

मावशींचा चेहरा उतरला. "कंपनीत? कुठल्या बाजूला?"

"मागच्या," मी म्हणाले. खोट्याला जागा द्यावी लागते, म्हणून दिली.

मला मागच्या बाजूचं काय माहीत होतं? मावशींना माहीत होतं. टाकीतल्या धान्याला कीड लागू नये म्हणून आत गोळ्या ठेवतात, त्या विषारी असतात. काम झाल्यावर गोळ्यांची राख मागच्या बाजूला खड्डा करून पुरतात. महिन्यापूर्वी गोळ्या घातल्या तेव्हा दारांना प्लास्टिक चिकटवलं होतं आणि कवटीचं चित्र असलेली पाटी लावली होती. ती पाटी मी रस्त्यावरून अक्षर अक्षर वाचली होती. त्या दिवशी ह्यांनी घरी आल्यावर मला कपड्यांना हात लावू दिला नव्हता.

मावशींनी जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. त्यांना कानाला फोन लावून ऐकू येत नाही. तिकडून डॉक्टरांचा आवाज आला, मागं म्हैस हंबरत होती.

"काय खाल्लं?"

"म्हाईत न्हाई डाक्टर. समोरच्या कंपनीत मागच्या बाजूला गेलती म्हनं."

डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांची राख पुरतात तिकडं?"

"तिकडंच."

"मग ऐका. तोंडात काही ओतू नका. तेल नाही, सोडा नाही, पाणीसुद्धा नाही. गोळीला पाणी लागलं की विषारी वायू होतो. तुम्ही पण तोंडाजवळ जाऊ नका तिच्या. मी देवगाव फाट्याच्या पुढं आहे, इथं म्हैस अडलीय. दोन तास तरी लागतील."

"दोन तास ऱ्हाईल का ती?"

"गोळी असेल तर मी आत्ता तिथं असतो तरी काही करू शकलो नसतो, मावशी. नुसतं धान्य जास्त झालं असेल तर गोष्ट वेगळी. त्याला सोडा लगेच द्यावा लागतो. पण तुम्हाला नक्की माहीत नाही ना?"

मावशी म्हणाल्या, "न्हाई ना. कुनी बघितलंय?"

फोन ठेवायच्या बेतात होते ते. शेळीनं मान खाली घातली होती आणि तोंडातून लाळ गळत होती. मला दिसत होतं सगळं. खायच्या सोड्याची पुडी माझ्या फडताळात, हात लांब केला तर पोचेल एवढ्यावर. आणि मावशी शेळीपासून दोन पावलं मागं सरकून उभ्या, पदर नाकाला लावून, आपल्याच शेळीला घाबरून. माझ्यामुळं.

"डॉक्टर," मी म्हणाले. "डॉक्टर, ती कुठं गेली नव्हती."

मावशी माझ्याकडं वळल्या.

"मीच घातलं. घमेलंभर चाळण घातली. तिनं अर्ध्याच्या वर खाल्लं. सात वाजता."

"कशाची चाळण?" डॉक्टरांनी लगेच विचारलं.

"गव्हाची."

"टाकीत जायच्या आधीची की नंतरची?"

"आधीची. चाळण आधीच निघते, मग माल टाकीत जातो. हे सांगतात." सांगता सांगताच मला शंका आली, नक्की आधीचीच ना? नळ कुठला म्हणाले होते हे? पण पोत्याला कसला वास नव्हता, आणि पट्ट्याचा रस्ता ह्यांनी मला जमिनीवर काडीनं काढून दाखवला होता. मी परत म्हणाले, "आधीचीच."

"मग सोडा. आत्ता. दोन चमचे, पेलाभर पाण्यात. बाटलीनं, तोंडाच्या बाजूनं, घोट घोट. मान जास्त वर करू नका, फुफ्फुसात जाईल. नंतर कोरडा कडबा पुढं ठेवा आणि फिरवा तिला. बसू देऊ नका. कुशीवर मुठीनं दाबत राहा. मी निघतोच."

माझ्या हातून सोडा निम्मा जमिनीवर सांडला. मावशींनी पेला माझ्या हातातून घेतला. शेळीची मान त्यांनी धरली, बाटली मी धरली. "हळू," एवढंच म्हणत होत्या. "हळू. गिळू दे." मग आम्ही तिला अंगणात फिरवायला लागलो. मावशींचे गुडघे चालत नव्हते म्हणून त्या दोरी धरून मधे उभ्या राहिल्या आणि मी शेळीला ढकलत गोल गोल. ऊन चढलं. समोर पट्टा घरघरत होता. मी दाबायची, ढकलायची, परत दाबायची. मला देवाचं नावसुद्धा आठवेना, नुसते आकडे मोजत होते, किती फेऱ्या झाल्या ते. एकदा मावशी म्हणाल्या, "पानी पी जरा," आणि मला वाटलं, संपलं, आता परक्या माणसाशी बोलावं तसं बोलायल्यात ह्या.

कितव्यातरी फेरीला शेळीनं मोठा ढेकर दिला. आंबट, घाण वास. मावशी मटकन खाली बसल्या आणि म्हणाल्या, "दे अजून एक, माझी बाय."

डॉक्टर आले ते साडेबाराच्या पुढं. त्यांच्या बाह्या म्हशीच्या रक्तानं भरलेल्या. त्यांनी इंजेक्शन दिलं, नळी घालून पोटातलं थोडं काढलं, पोत्यात हात घालून गव्हाचे तुकडे मुठीत घेतले. मला वाटलं आता शाळेतल्यासारखं बोलतील. पण ते म्हणाले, "माल वाईट नाही. वाईट काहीच नाही ह्यात. टरफल आणि दाणा ह्यांचं माप एक नसतं, एवढंच. दाणा पोटात आंबतो. मोठ्या शेळीला ह्यातल्या दोन ओंजळी, ते पण सवय लावत लावत." मग बॅग उचलताना मावशींना म्हणाले, "वेळेत सांगितलं म्हणून बरं झालं."

वेळेत. मी खाली बघत होते. पाऊण तास ती कोपऱ्यात दात खात होती आणि मी अंगण झाडत होते, हे डॉक्टरांना कुठं माहीत होतं?

शेळी वाचली. चार दिवस तिनं नुसता कडबा खाल्ला. मावशी रोज यायच्या, तिच्याजवळ बसायच्या, माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. धानवाली म्हणेनात. पाचव्या दिवशी मी त्यांचे पाय धरायला गेले तर त्यांनी पाय मागं घेतले.

"चुकून घातलंस त्याचं मला काय न्हाई," त्या म्हणाल्या. "मी बी एकदा ज्वारी घालून बोकड मारलाय. पन तू मला माझ्या शेळीपून लांब उभं केलंस. ती मरायली आनि मी पदर लावून उभी."

मी रडले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "जा, तोंड धू. माशा बसायल्यात तोंडावर."

तीन आठवड्यांनी शेळी व्याली. दोन करडं. पहिलं बाहेर आलं ते हललंच नाही. मावशींनी त्याच्या नाकातला चिकटा काढला, पाय धरून झुलवलं, तोंडात फुंकर घातली. काही नाही. दुसरं बारीक, ओलं, पण शिंकलं. पाठ होती, म्हणजे मादी. कपाळावर पांढरा ठिपका.

मी मेलेलं करडू फडक्यात गुंडाळलं आणि जे मनात तीन आठवडे घोळत होतं ते बोलले. "मावशी, हे मेलेलं माझ्या वाटचं. जितं तुमचं."

"गप बस," मावशी म्हणाल्या. "त्याला आधी चीक पाज. कान गार पडलेत बघ त्याचे. वाटण्या करत बसलीय."

मी करडाचं तोंड सडाला लावलं. ते धरेना, सुटायचं, परत लावायची. बऱ्याच वेळानं धरलं आणि शेपूट हलवायला लागलं. मावशी उठल्या, दारापर्यंत गेल्या, आणि मागं न बघता म्हणाल्या, "उद्या ओंजळ घालशील ती तुझ्या हाताची घाल. तुझ्या मालकाच्या न्हाई. त्याचा पंजा लय मोठा हाय."

चाळणीचं पोतं अजून येतं. सोयाबीनची आली, मग मक्याची, आता परत तुरीची येईल. प्रत्येक नव्या पोत्यात मी आधी हात घालते, परातीत पसरते, किती दाणा किती टरफल ते बोटांनी वेगळं करून बघते, आणि मावशींना हाक मारते. त्या येतात, बघतात, "दीड" किंवा "दोन" म्हणतात आणि जातात. घमेलं मी पाणी भरायला ठेवलंय. मनातून धसका गेलेला नाही. शेवटच्या ओंजळीतली पाऊण घालते आणि उरलेली पाव हातात धरून उभी राहते, घालू की नको.

करडू आता चारा खातं. दूध सुटून दोन महिने होऊन गेले. वाटणीची वेळ झाली म्हणावी तर कधीच झाली. मावशींच्या कमरेच्या पिशवीत लाल दोऱ्याचं रीळ असतं, मला माहीत आहे. पलीकडच्या गल्लीत दिलेल्या शेळीच्या करडाला त्यांनी परवाच दोरा बांधला. माझ्या दारात रोज येतात, करडाला मांडीवर घेतात, त्याचे कान बघतात, मानेवरून हात फिरवतात. मी चूल सोडून त्यांच्या हाताकडं बघत राहते. हात गळ्याशी थांबतो. मग मावशी उठतात.

बिनदोऱ्याचं करडू राखणाऱ्याचं, पण हे माझं का, विचारायची हिंमत नाही माझी. सकाळी उठल्यावर पहिल्यांदा शेळीच्या कुशीवर बोटं आपटते. मग करडाला जवळ ओढते आणि त्याच्या गळ्याखालचे केस बाजूला करून बघते. अजून काही नाही.